किनाऱ्यावर पहिला ड्रोन घेताय? या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ, जेमतेम सव्वासात. तोंडवळीच्या सुरूच्या बनाकडे पाठ करून मी वाळूवर उभा होतो. अंगाला वारा लागत नव्हता, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निपचित. ड्रोन घेऊन चारच दिवस झाले होते. अडीच हजारांचा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४के', म्हणजे अतिस्पष्ट व्हिडिओ, असं छापलेला. बाजूला जाळं निवडत बसलेले एक काका मान वर न करताच म्हणाले, "मतलई सुटलो हा. तुझा ईमान भायर न्हेतलो." म्हणजे, जमिनीकडचा वारा सुटलाय, तुझं विमान बाहेर समुद्रात नेईल. मी तरीही उडवला. सुरूच्या शेंड्यांच्या वर गेला आणि तिरका होऊन समुद्राकडे सरकायला लागला. स्टिक पूर्ण मागे ओढून धरली होती, तरी तो जातच राहिला. दोन मिनिटांत ठिपका झाला, मग तोही दिसेना.

आता गावातले होमस्टेवाले, लग्नाचे फोटो काढणारे, मुंबईहून सुट्टीला आलेली मुलं, कोणी ना कोणी ड्रोन घेण्याआधी विचारायला येतं. पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच असतो. मी आधी उलटा प्रश्न विचारतो: समोरून वारा असला तर हा परत येईल का? किनाऱ्यावर हलका ड्रोन निवडायचा तो या एका प्रश्नावर.

चूक पहिली: खोक्यावरचं '४के' बघून घेणं

दोन-तीन हजारांत मिळतात ती खेळणी आहेत. घरच्या पडवीत, अंगणात मुलांना शिकायला उत्तम, समुद्रावर नाही. त्यांना जीपीएस नसतं, म्हणजे हवेत एका जागी थांबायचं कसं हे त्यांना कळत नाही आणि घर कुठे हेही माहीत नसतं. मोटर ब्रशवाल्या, कमी ताकदीच्या, लवकर झिजणाऱ्या. कॅमेरा थेट अंगाला चिकटवलेला, त्यामुळे ड्रोन हलला की चित्र हलतं. '४के' हा आकडा बहुतेक वेळा लहान चित्र ताणून काढलेला असतो.

पहिल्या ड्रोनमध्ये तीन गोष्टी हव्यातच: जीपीएस आणि त्यावर चालणारं रिटर्न टू होम (उडाल्या जागी आपोआप परत येणं), ब्रशलेस म्हणजे ब्रश नसलेली मोटर, आणि कॅमेऱ्याला तीन अक्षांवर फिरणारा गिंबल. यातली एक जरी नसली तरी घेऊ नका. गिंबल म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारा छोटा यांत्रिक हात. ड्रोन वाऱ्यात डोलला तरी क्षितिजाची रेघ सरळ राहते. गिंबलवाल्या कॅमेऱ्याचा २.७के व्हिडिओ खेळण्याच्या ४केपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतो. डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीच्या मिनी २ एसईमध्ये २.७केच आहे, आणि होमस्टेच्या जाहिरातीला तेवढं पुरून उरतं.

चूक दुसरी: २४९ ग्रॅम म्हणजे सगळं माफ

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड, २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'; तो हौसेसाठी चालतो, पण धंद्यासाठी वापरायचा तर प्रमाणपत्र हवं. होमस्टेवाल्यांना नॅनो सोयीचा पडतो तो यामुळे.

पण हा हिशेब उडताना असलेल्या वजनाचा आहे. पंख्यांना गार्ड लावले, मोठी बॅटरी घातली की काटा २५०च्या वर जातो. मिनी ३ला जास्त वेळ उडणारी प्लस बॅटरी लावली तर तो २९० ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर एकदा सगळ्या साजासकट वजन करून बघा.

आणि कुठे उडवायचं याची बंधनं नॅनोलाही आहेत. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या साइटचा नकाशा हिरवा दाखवतो तिथेच, आणि तिथेही ४०० फुटांपर्यंतच. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. भोगवे, देवबागच्या लोकांनी चिपीचा विमानतळ आणि रत्नागिरीकरांनी तटरक्षक दलाची धावपट्टी डोक्यात ठेवूनच नकाशा उघडावा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग हे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले किल्ले; परवानगी नसेल तर त्यांच्यावरून ड्रोन नाही.

चूक तिसरी, आणि सर्वांत महागडी: वारा वाळूवर उभं राहून जोखणं

ही चूक मी स्वतः केली, म्हणून सावकाश सांगतो.

आपल्याकडे दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच हे पाठ केलंय, ड्रोन हातात आल्यावर मात्र आठवत नाही. नवशिका सकाळची वेळ निवडतो, कारण ऊन कोवळं असतं आणि किनारा शांत वाटतो. पण सुरूच्या बनाच्या किंवा माडांच्या आडोशाला उभं राहिल्यावर मतलई अंगाला लागतच नाही. तो डोक्यावरून जात असतो. ड्रोन शेंड्यांच्या वर निघाला की थेट त्याच्या तावडीत सापडतो, आणि वारा त्याला नेमका जिथे उतरायला जागा नाही तिकडे ढकलतो.

आकड्यांत बघा. हलका ड्रोन साध्या मोडमध्ये सेकंदाला १० मीटर जातो. तुम्ही तो समुद्रात ८०० मीटर पाठवलात. जाताना वारा पाठीशी, झटकन पोचला. परत येताना समोरून सेकंदाला ६ मीटरचा वारा असेल तर हाती उरले ४ मीटर. म्हणजे २०० सेकंद, तीन मिनिटांच्या वर. वारा ८ मीटरचा झाला तर उरले २, आणि तेच अंतर कापायला ४०० सेकंद. इकडे बॅटरी मोटर जोरात फिरवण्यात नेहमीपेक्षा लवकर संपत असते.

म्हणून मॉडेल निवडताना 'वारा सहन करण्याची क्षमता' हा रकाना आधी वाचा. मिनी २ एसई, मिनी ४के आणि मिनी ३ यांना कंपनीने सेकंदाला १०.७ मीटर दिलाय, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर. त्याच कंपनीच्या १३५ ग्रॅमच्या निओला ८ मीटर. निओ स्वस्त, गोड, हातावरून उडणारा. अंगणात, आंब्याच्या बागेत बिनधास्त वापरा, पण समुद्रावर मी तो नेणार नाही. हे आकडेही शेवटच्या मर्यादेचे आहेत. हवामानाच्या ॲपमध्ये झोताचा वेग ताशी २० किलोमीटरच्या वर दिसला की मी ड्रोन पिशवीतून काढत नाही.

दुपारी खारा वारा जोरात असतो, पण तो ड्रोनला किनाऱ्याकडे आणतो. मध्यम वाऱ्यात आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि पाठवाऱ्याने घरी यायचं, हा क्रम सुरक्षित. सकाळी उडवायचंच असेल तर समुद्रात आत जाऊ नका, किनाऱ्याला समांतर उडवा. उडवण्याआधी माडाच्या शेंड्याकडे बघा. झावळ्या समुद्राकडे वळून फडफडत असतील तर मतलई आहे.

ड्रोन वाहून जायला लागलाच तर वर नेऊ नका, खाली आणा. खाली वाऱ्याचा जोर कमी असतो. स्पोर्ट मोड, म्हणजे जास्त वेगाचा, लावा, नाक स्वतःकडे करा आणि सरळ ओढा. तरी अंतर कमी होत नसेल तर 'माझ्याच पायाशी उतरला पाहिजे' हा हट्ट सोडा. तिरका नेऊन जी वाळू, जो खडक जवळ असेल तिथे उतरवा. ओरखडे पडलेला ड्रोन दुरुस्त होतो.

चूक चौथी: "दुबईहून मामा आणेल"

कोकणात घराआड एक माणूस आखातात, त्यामुळे ही वाट सगळ्यांना सोपी वाटते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशात बनलेल्या तयार ड्रोनच्या आयातीला भारतात बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं तेवढी वगळली आहेत. सामानातून आणलेला ड्रोन विमानतळावर कस्टम्सला जाहीर करावा लागतो आणि तो तिथेच राहू शकतो. मामाला त्या रांगेत उभं करू नका. त्याच कारणाने, इथे कुणी 'इंपोर्टेड, सीलबंद' म्हणून विकत असेल तर पक्कं बिल मागा आणि कंपनीची वॉरंटी इथे मिळेल असं धरून चालू नका. वर मी जे आकडे दिले ते मोजपट्टी म्हणून वापरा. भारतात जोडलेला ड्रोन घेताय तरी तीच पट्टी लावा, आणि पैसे देण्याआधी जादा पंखे आणि बॅटरी आजच्या आज मिळतात का ते विचारा. सुटे भाग नसलेला ड्रोन एका आपटीत संपतो.

जुना, वापरलेला घेत असाल तर बॅटरी टेबलावर ठेवून बोटाने दाबा. ती डुगडुगली, पोटाशी फुगली असेल तर घेऊ नका. ॲपमध्ये बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते दिसतं. बॅटरीच्या खाचेतले पितळी संपर्क उजेडात धरा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली म्हणजे खारं पाणी आत जाऊन आलंय. मालकाकडून ॲपमधल्या त्याच्या खात्यावरून ड्रोन काढून घ्या आणि नोंदणी झालेली असेल तर ती तुमच्या नावावर करून घ्या.

चूक पाचवी: 'घर' न ठरवता उडवणं

रिटर्न टू होमवर सगळे विसंबतात. पण ड्रोन घर मानतो ती जागा, जिथून तो उडाला. होडीतून उडवलात आणि होडी पुढे गेली, तर तो इमानदारीने मागे जाऊन समुद्रात उतरेल. होडीतून उडवणं पहिल्या वर्षी नकोच.

उपग्रह पुरेसे मिळून ॲप 'होम पॉइंट नोंदला' असं सांगेपर्यंत उड्डाण नाही. मिनिटभर लागतो, तेवढा थांबा. परतीची उंचीही जागेप्रमाणे बदला. माड सहज २०-२५ मीटर उंच जातो, मागे मोबाइलचा टॉवर असतो, आणि या हलक्या ड्रोनपैकी बहुतेकांना समोरचं दिसत नाही. मी ४० मीटर ठेवतो, टेकडी असेल तर जास्त.

पाण्यावर अगदी खालून जाण्याचा मोह आवरा. ड्रोनच्या पोटाचे सेन्सर खालची जमीन बघून तोल धरतात; लाट हलली की ते फसतात. पाच मीटरच्या खाली येऊ नका.

वाळू, मीठ आणि छोट्या कुरबुरी

मोटरमध्ये ताकदवान चुंबक असतात आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी, लोहयुक्त वाळू आहे. वाळूवरून थेट उडवलात तर ती मोटरच्या आत चिकटून बसते. बोटाने पंखा फिरवा, कानाशी धरा. बारीक करकर ऐकू आली तर तशीच उडवू नका. हवेच्या फुंकणीने काढा. राहिलीच तर चिकटपट्टीचं टोक दुमडून चिमटीने आत फिरवा. मी घरून एक सपाट लाकडी पाट नेतो, त्यावरूनच उडवतो आणि त्यावरच उतरवतो. घरी आल्यावर किंचित ओल्या फडक्याने मीठ पुसायचं, मग कोरडं फडकं.

सुरू केल्याबरोबर गिंबलची एरर आली तर आधी बघा, कॅमेऱ्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढायचं राहिलंय का. दहातल्या बऱ्याच वेळा तेच असतं. कंपासची एरर जेट्टीवर, गाडीच्या बॉनेटवर, स्लॅबच्या गच्चीवर हमखास येते, कारण खाली लोखंड असतं. वीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा सुरू करा. क्षितिज तिरपं दिसत असेल तर सपाट जागी गिंबल कॅलिब्रेट करा, म्हणजे ॲपमधून पुन्हा सरळ जुळवा. चित्र तुटत असेल तर रिमोटच्या अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखू नका, सपाट बाजू त्याच्याकडे करा. डीजेआयचं ॲप प्ले स्टोअरवर मिळत नाही, कंपनीच्या साइटवरून घ्यावं लागतं. ते, अपडेट आणि नकाशा हे सगळं घरच्या वायफायवर आदल्या रात्री उरका, कारण कितीतरी किनाऱ्यांवर रेंज नसते. बॅटरी आठवडाभर वापरणार नसाल तर अर्धी-साठ टक्के भरून ठेवा, आणि उन्हातल्या गाडीत कधीच नाही.

घार किंवा समुद्री गरुड वर घिरट्या घालत असेल तर उतरवा. विणीच्या हंगामात वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर घरट्यांच्या बाजूला ड्रोन नेऊच नका.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना वरून फार सुंदर दिसते. पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला तोच व्हिडिओ हवा असतो. पण जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभाग बेकायदा मासेमारीवर ड्रोनने पाळत ठेवतोय. डोक्यावर न विचारता ड्रोन आला की रापणकरांच्या मनात शंका येणारच, आणि ती रास्त आहे. आधी जाऊन भेटा, ड्रोन हातात देऊन दाखवा, चित्र कशाला हवंय ते सांगा. तोंडवळीच्या त्या काकांना मी आता दर वेळी आधी वारा विचारतो. ते जाळ्यातून मान वर करून शेंड्यांकडे बघतात आणि 'उडय' म्हणाले तरच पाट वाळूवर ठेवतो.