लॉकडाऊनमध्ये होडी: कधी थांबायचं, कधी सोडायची

लॉकडाऊनच्या आदेशात किराणा असतो, दूध असतं, औषधं असतात, शेतीची कामं असतात. होडी कुठंच नसते. मग हौसेनं शीड लावणारा माणूस विचारतो, 'मनाई तर लिहिलेली नाही, म्हणजे चालतं ना?' नाही चालत. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी लॉकडाऊनची रचनाच अशी होती की ज्याला सूट दिली तेवढंच सुरू, बाकी सगळं बंद. २०२१ च्या मे महिन्यात कर्नाटकात सकाळी सहा ते दहा बाहेर पडायची मुभा होती, ती किराणा-भाजीसाठी. त्या चार तासांत धरणावर जाऊन येता येतं, एवढ्यावर ते नियमात बसत नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची. जवळच्या हिडकल धरणाच्या पाण्यावर माझी एक लेझर असते, एकट्यानं चालवायची शिडाची होडी. शेजारी भाच्याची ऑप्टिमिस्ट, म्हणजे पोरांची छोटी शिडाची होडी. तिच्यावर त्यानं स्वतःच्या हातानं 'म्हादई' असं रंगवलंय. आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणाऱ्या नदीचं हे नाव नौदलाच्या एका शिडाच्या बोटीला होतं. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. असो. पुन्हा कधी असे निर्बंध आले तर होडीवाल्यांनी काय करायचं, ते आता सांगते.

आधी एकच प्रश्न

आपण पाण्यात अडकलो तर आपल्यासाठी कोण धावणार? होडी सोडायची की नाही, हे या उत्तरावर ठरवा. न्यूझीलंडनं २०२० च्या सर्वांत कडक टप्प्यात पोहणं, सर्फिंग, बोटी सगळं बंद ठेवलं, ते याचसाठी. सुटकेला जाणाऱ्यांचा जीव त्या काळात धोक्यात घालायचा नव्हता. इंग्लंडमध्ये १३ मे २०२० पासून पाण्यावरच्या खेळांना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हाही 'आपल्याच घरातली माणसं सोबत घ्या, जपून जा' असंच तिथल्या नौकानयन संघटनेचं सांगणं होतं.

तिकडं निदान किनाऱ्यावर सुटकेची यंत्रणा उभी असते. हिडकलला आपल्यासाठी येणार तो जाळं टाकायला निघालेला मच्छीमार. त्याची ती बुट्टीसारखी गोल नाव. तिच्यात दोन माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागतो, तोंडासमोर तोंड येतं. दमलेला, खोकणारा, नाकातोंडात पाणी गेलेला माणूस त्यात ओढून घ्यायचा म्हणजे सहा फुटांचं अंतर वगैरे सगळं विसरायचं. तो दुसऱ्या दिवशी मासे विकायला गावात फिरणार, घरी म्हातारी आई असणार. दुसऱ्या लाटेत खाट आणि ऑक्सिजनसाठी माणसं कशी वणवण फिरली, ते आपण पाहिलंय. आपल्या हौसेपायी त्या रांगेत आणखी एक माणूस उभा करायचा नाही.

म्हणून कडक बंदी आहे तोवर होडी काठावर. पोहता येतं, वारा ओळखता येतो, यानं काही फरक पडत नाही.

काठावर ठेवायची ती नीट ठेवा

आपल्याकडं लॉकडाऊन दोन्ही वेळा ऐन उन्हाळ्यात आला, म्हणजे वळवाच्या दिवसांत. वळवाआधी जो वारा सुटतो तो पत्रे उडवतो, तिथं लेझरचं साठेक किलोचं रिकामं अंग काय टिकणार. होडी पालथी घाला. खाली दोन जुने टायर, आणि वरून दोन ठिकाणी दोर टाकून जमिनीत ठोकलेल्या मेखांना बांधा. पाणी काढायच्या भोकाचं बूच काढून ठेवा, आतली दमट हवा बाहेर पडायला वाट हवी. डोलकाठी उतरवून आडवी ठेवा, उघड्या माळावर उभी धातूची काठी म्हणजे विजेला आमंत्रण.

शीड गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळी करून घरात आणा. घडी घालू नका, घडीवर कापड मोडतं. उंदरांना शिडाची गुंडाळी फार आवडते, तेव्हा माळ्यावर टाकायची तर दोरीनं टांगून ठेवा. आजूबाजूला उसाचा फड तुटला असेल तर शेतकऱ्याला विचारून ठेवा, पाचट कधी पेटवणार आहे. ठिणगी वाऱ्यावर लांब जाते आणि फायबरची होडी पेटली की विझत नाही. इंजिन असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं, आणि उभ्या उभ्या कार्बुरेटर चोंदतो.

घरात बसून काय करायचं

पुष्कळ काही. पाण्यावर जाऊन जेवढं शिकतो त्यातलं निम्मं घरी शिकता येतं, असं माझं ठाम मत आहे.

गाठींपासून सुरुवात करा. भाच्याला मी गोठ्यातलं जुनं दावं दिलं. न सरकणारा फास, ज्याला बोलाइन म्हणतात, तो आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. दाव्याचा एक लहान वेढा करायचा, टोक खालून वर काढायचं, मागच्या दोरीला वळसा घालून पुन्हा त्याच वेढ्यातून खाली घालायचं आणि ओढायचं. टोक निदान वीतभर शिल्लक राहिलं पाहिजे, नाहीतर ओला दोर ताणाखाली निसटतो. जमू लागलं की दावं बादलीत भिजवा आणि पुन्हा करायला लावा. ओलं दावं बोटांना वेगळंच लागतं, वेढा घट्ट बसतो आणि टोक घुसत नाही. पोरगं चिडतं. चिडू द्या, भर पाण्यात चिडण्यापेक्षा अंगणात चिडलेलं बरं.

दुसरं, वारा वाचणं. गच्चीवर जा आणि दिवसातून सकाळ, दुपार, संध्याकाळ वहीत नोंद करा: देवळाच्या शिखरावरची पताका कुठल्या दिशेला, धुराडं असेल तर धूर कुठं वाकतो, झाडं काय करतात. नुसती पानं सळसळतात तेव्हा वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. बारीक फांद्या हलू लागल्या, धूळ आणि कागद उडू लागले की २० ते २८. पानं भरलेली लहान झाडंच डोलू लागली की त्याच्या वर गेला. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपार कलताना घाटाकडून पश्चिमेचा वारा चढतो, तो किती वाजता आणि किती जोरानं, हे चार-सहा आठवड्यांच्या वहीतून तुमच्या गावापुरतं तुम्हाला कळेल. मोबाइलवरच्या अंदाजापेक्षा ही वही जास्त कामाला येते.

तिसरं, सीमेपलीकडचे सोबती. माझी जोडीदारीण गडहिंग्लजची. एरवी अर्ध्या-पाऊण तासाची वाट, पण महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागत होते आणि नाक्यानाक्यावर अडवत होते. कुणाच्या मळ्यातल्या आडवाटेनं तिला बोलावणं मला पटलं नाही, तुम्हीही बोलावू नका. आम्ही फोनवर वाट देण्याचे नियम घटवले. दोघींपुढं पाटावर चार-चार सोंगट्या. डाव्या बाजूनं वारा घेणारी होडी उजव्या बाजूनं वारा घेणारीला वाट देते. दोघी एकाच बाजूनं वारा घेत असतील तर वाऱ्याकडची होडी वाऱ्याआडच्या होडीला वाट देते. हे दोन नियम हाडीमाशी भिनले की निम्म्या टकरी टळतात.

सूट मिळाल्यावर

इथं आपल्या भागाची खास अडचण. जून २०२१ मध्ये राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत निर्बंध सैल झाले, पण बेळगाव ज्या ११ जिल्ह्यांत होतं तिथं ते २१ जूनपर्यंत राहिले. म्हणजे मोकळीक मिळाली तेव्हा मिरग लागून गेलेला. घरात कोंडलेल्या माणसाला पाणी दिसलं की राहवत नाही, हे मी जाणते. तरीही सांगते, पावसाळ्यात नदीवर होडी घालू नका. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्या वरच्या घाटातल्या पावसावर चढतात. संकेश्वरला ऊन असतं आणि आंबोलीला धो धो कोसळत असतं. त्याच वर्षी जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेनं महामार्ग बुडवला. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी भरलेली नाव उलटली आणि कितीतरी घरं उजाड झाली. ती हौसेची फेरी नव्हती, जीव वाचवायला निघालेली माणसं होती. पुराचं पाणी कुणाला ओळखत नाही.

राकसकोप धरणाचा तर विषयच काढू नका. ते बेळगावचं पिण्याचं पाणी आहे, लॉकडाऊन असो वा नसो.

हिडकलला उतरायचं तर पाटबंधारे खात्याची परवानगी पुन्हा ताजी करून घ्या, जुना कागद दाखवून चालत नाही. उन्हाळा असेल तर पाणी किती खाली गेलंय ते काठावरून चालत जाऊन बघा. ५१ टीएमसीचं धरण ओसरतं तेव्हा हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. ते दिसतं तेव्हा सोपं, त्याला वळसा घालता येतो. अवघड असतं ते शिखर पाण्याखाली हातभर असताना. होडीच्या मधली, खाली पाण्यात उतरणारी फळी त्यावर आपटली तर फळी मोडते, होडीचा तळ चिरतो आणि दगडी देवळाचंही नुकसान होतं. जुन्या बांधांचं आणि झाडांच्या बुंध्यांचंही तसंच. मच्छीमारांना विचारा, ते बोट दाखवून सांगतात.

पहिल्या दिवशी बारीक फांद्या हलण्याइतका वारा असेल तर घरी परता. दोर सगळे हातानं चाचपा; उन्हात पडलेला नायलॉन वरून बरा दिसतो आणि वाकवला की भुकटी सोडतो. तो कापून टाका. लाइफ जॅकेट प्रत्येकाचं वेगळं. धुवायचं साबणाच्या पाण्यानं आणि सावलीत वाळवायचं. ब्लीचनं पट्टे कमकुवत होतात. मास्क काठावर हवाच, पण पाण्यावर तोंडाला लावू नका, भिजलेलं कापड नाकाला चिकटलं की श्वास घेता येत नाही. कोरडा मास्क बंद डब्यात ठेवा आणि काठ गाठला की लावा. सॅनिटायझर लावून लगेच इंजिनाला हात नको, त्यात स्पिरिट असतं.

मग काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, होडी मुद्दाम उलटवा आणि सरळ करून वर चढा. लगेच दुसऱ्यांदा. कोविड होऊन गेलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेही करू नका. वर चढताना दम किती लागतो, हे सपाट जमिनीवर चालून कळत नाही. दुसऱ्यांदा चढताना हात थरथरले, तर त्या दिवशी एवढंच पुरे.

पोरं असतील तर एका होडीत एकच पोर, आणि दोघांच्या होडीत एकाच घरातली दोघं. काठावर एक मोठं माणूस घड्याळ घेऊन बसलेलं हवं, परतायची वेळ त्याला सांगून जायची, आणि त्या वेळेला शीड दिसलं नाही तर त्यानं आधी ११२ ला फोन करायचा, मग मच्छीमारांना हाक मारायची.