बदलता कपॅसिटर सिम्युलेट करण्याआधी

पोरांनो, लातूरकडच्या काळ्या रानातली ओल मोजणाऱ्या प्रोबवर प्रोजेक्ट घेतलाय, तर कॉम्प्युटरला हात लावण्याआधी वही उघडा. प्रोब म्हणजे एक कपॅसिटरच, आणि भोवतालची माती त्याचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे पट्ट्यांमधला विद्युतरोधक पदार्थ. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५; तो जितका जास्त, तितका कपॅसिटन्स जास्त. म्हणून रानात पाणी मुरलं की पुरलेल्या प्रोबचा कपॅसिटन्स चढत जातो. हा घटक स्थिर नाही, वेळेबरोबर बदलणारा आहे.

वहीत पहिलं हे लिहा: चार्ज म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज, आणि करंट म्हणजे या अख्ख्या गुणाकाराच्या बदलाचा दर. त्यात दोन पदं येतात. पहिलं, कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजच्या बदलाचा दर. व्होल्टेज गुणिले कपॅसिटन्सच्या बदलाचा दर, हे दुसरं पद मी एकदा गाळलं होतं. स्थिर व्होल्टेज लावलं आणि करंटची रेघ शून्यावर सपाट आली. अख्खी दुपार मी जोडण्या तपासत बसलो.

म्हणून एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये कपॅसिटरच्या किमतीच्या जागी चार्जचं सूत्र टाका: क्यू बरोबर एक्स गुणिले कंसात १ मायक्रो अधिक १ मिली गुणिले टाइम. एक्स म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज. आता १ मिलिसेकंदात १ मायक्रोफॅरडचे २ होतात. माती एवढ्या वेगानं भिजत नाही, पण पडताळ्याला हे आकडे सोयीचे. ५ व्होल्टची बॅटरी लावा, करंट ५ मिलिअँपिअर यायलाच हवा. मग बॅटरी काढून सुरुवातीचं व्होल्टेज १० द्या, शेवटी ५ दिसलं पाहिजे, कारण चार्ज जाणार कुठं? नोड, म्हणजे जोडणीचा बिंदू, लटकता ठेवलेला सिम्युलेटरला चालत नाही, तिथून ग्राउंडला १ गिगाओहम जोडा. ऊर्जा ५० वरून २५ मायक्रोज्यूलवर उतरेल. घाबरू नका, डायइलेक्ट्रिक आत ओढण्यात ती खर्च होते.

टाइम असलेलं सूत्र ट्रान्झियंटमध्येच, म्हणजे वेळेनुसार सर्किट सोडवणाऱ्या अ‍ॅनालिसिसमध्येच चालवा; वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना प्रतिसाद काढणारं एसी अ‍ॅनालिसिस घटकाला सुरुवातीच्या क्षणीच गोठवतं. कमाल टाइमस्टेप, म्हणजे हिशोबातलं वेळेचं सगळ्यात मोठं पाऊल, १ मायक्रोसेकंद द्या, मग तो निम्मा करून पुन्हा चालवा. उत्तर हललं तर पहिलं खरं धरू नका. मेगासाठी मेग लिहा, नुसता एम म्हणजे मिली.

लाईटीचा भरवसा नाही, तेव्हा रन करण्याआधी फाईल सेव्ह करा आणि पेनड्राइव्हवरही घ्या. व्हायव्हाला येताना हातानं काढलेल्या आकडेमोडीचं पान आलेखाशेजारी लावून आणा, मी आधी तेच बघणार आहे.