जुन्या ज्यू कौटुंबिक फोटोतली अनोळखी माणसं कशी ओळखायची

चेहऱ्याआधी फोटोची पाठ बघा. दोन्ही बाजू 600 डीपीआयला स्कॅन करा. स्टुडिओचं नाव-गाव बहुतेकदा पुठ्ठ्यावरच छापलेलं असतं. मागचा मजकूर यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा) असेल तर छापील हिब्रू अक्षरं येऊन भागत नाही, हाताची वळणं वेगळीच. रशियन साम्राज्यातली तारीख जुन्या (ज्युलियन) पंचांगाची असू शकते: आजच्या कॅलेंडरची तारीख काढायला एकोणिसाव्या शतकात 12, पुढे 13 दिवस मिळवा.

खरी किल्ली नावात. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) घरांत हयात नातलगाचं नाव बाळाला सहसा देत नाहीत. नातू मोशे 1905 चा, म्हणजे त्याच नावाचा आजोबा बहुधा त्याआधीच वारलेला; तर 1910 च्या फोटोतला म्हातारा त्याचा आजोबा मोशे बहुधा नव्हेच. सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) घरांत हयात आजोबांचं नाव चालतं, तिथे हा हिशेब फसतो.

चेहरे जुळवताना कानाची पाळी बघा. दाढी हमखास चकवते.