कर्दळीचे गड्डे काढायचे दिवस आले

गावी कर्दळीला कुणी जपत नाही. न्हाणीमागच्या सांडपाण्यावर ती आपली माजत असते; केळीचं पान मिळालं नाही की नैवेद्यापुरतं तिचं एक पान तोडायचं, झालं. इथे मध्य न्यू जर्सीत मात्र तिला वर्षातले सहा-सात महिने घरात पाहुणी म्हणून ठेवावं लागतं. पहिला फ्रॉस्ट, म्हणजे रात्री दव गोठवणारी थंडी, ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत कधीही पडेल. खोकी आणि माती उकरायचा फोर्क आत्ताच हाताशी असू द्या.

फ्रॉस्टच्या आधी एकच काम उरकायचं: प्रत्येक झुडपाच्या बुंध्याला नावाची चिठ्ठी बांधायची. पानं एकदा काळी पडली की 'वायोमिंग' जातीचं तांबूस पान कुठलं आणि 'प्रेसिडेंट'चं हिरवं कुठलं, काही कळत नाही. चिठ्ठी बांधता बांधता पानं उजेडात धरून बघा. शिरांच्या कडेनं पिवळट रेघा, ठिपके आणि पुढे तिथेच तपकिरी करपा दिसला, तर तो बहुधा विषाणू असतो. 'प्रिटोरिया'च्या पानावरचे पिवळे पट्टे त्या जातीचेच असतात, सगळ्या पानांवर सारखे; त्यांना घाबरू नका. विषाणू गड्ड्यातच राहतो, त्याला औषध नाही. असं झुडूप गड्ड्यासकट कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. जीव तुटतो, पण एकाच्या मायेपायी सगळा वाफा जातो.

पानं काळवंडून लोंबली म्हणून लगेच धावपळ करू नका. पहिल्या फ्रॉस्टनं फक्त वरचा पसारा मरतो, मातीत ऊब असते. आठवडाभरात कोरडा दिवस बघून दांडे चार-सहा इंच ठेवून कापा. फोर्क बुंध्यापासून फूटभर लांब रोवा आणि चारही बाजूंनी माती सैल करून मगच उचला. दांडा धरून ओढलात की गड्डा मोडतो, आणि कूज शिरते ती त्या मोडलेल्या जागेतूनच. मे महिन्यात लावलेल्या एका तुकड्याचं घमेलंभर निघतं. आमच्याकडची तांबडी चिकण माती झटकून सुटत नाही, म्हणून मी पाइपनं धुतो. धुताना हुमणीसारख्या पांढऱ्या, कमानीसारख्या वाकलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा. मग गड्डे सावलीत दोन-तीन दिवस सुकवा. रात्री पारा गोठणबिंदूकडे जाणार असेल तर आत घ्या.

आता खरी गोम. कर्दळीचे गड्डे थंडीनं मरतात त्याहून जास्त साठवणीत मरतात. पहिल्या वर्षी मी ते कांद्यासारखे जाळीच्या पिशवीत भरून बॉयलरजवळ टांगले होते. फेब्रुवारीत हातात आल्या त्या खारका! पुढच्या वर्षी गॅरेजमध्ये ठेवले. जानेवारीच्या एका कडाक्यात ते गोठले आणि नंतर उकडलेल्या रताळ्यासारखे पिचपिचीत झाले. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की याला आल्याचं बेणं समजायचं. गारवा हवा पण गोठण नको. ओल हवी पण पाणी नको.

गारवा म्हणजे ५ ते १० अंश सेल्सियस, इथल्या थर्मामीटरवर ४० ते ५० फॅरनहाइट. बेसमेंटमध्ये बॉयलरपासून लांब, बाहेरच्या भिंतीलगतचा कोपरा बहुतेक घरांत तेवढा गार असतो. पण अंदाजावर जाऊ नका, पाच-सहा डॉलरचा थर्मामीटर तिथे ठेवून द्या. खोक्यात कोकोपीट किंवा पीट मॉस घ्या, मुठीत दाबलं तर पाणी गळू नये इतपतच ओलसर. गड्डे एकमेकांना न चिकटता मांडा, वरून झाका. हवाबंद डबा नको. दर महिन्याला खोकं उघडून गड्डे दाबून बघा: टणक असले तर उत्तम, सुरकुतले तर पाण्याचा हलका फवारा, मऊ पडून वास मारू लागले तर तेवढा भाग कापून टाका आणि चाकू स्पिरिटनं पुसा.

कुंडीतली कर्दळ उकरायची गरजच नाही. दांडे छाटा, कुंडी तशीच बेसमेंटमध्ये ढकला, माती अगदीच खडखडीत झाली तर कपभर पाणी. तळ्यात वाढणाऱ्या बारीक गड्ड्यांच्या जाती मात्र कोरड्या साठवणीत टिकत नाहीत. त्यांची कुंडी ओलीच ठेवायची.

दक्षिणेकडच्या भिंतीला टेकलेला वाफा असेल, तर फूटभर पालापाचोळा घालून जमिनीतही गड्डे जगतात म्हणतात. आमच्या चिकण मातीत पाणी तुंबतं, माझी हिंमत होत नाही. वाटून उरलेल्या गड्ड्यांवर हा जुगार खेळायला हरकत नाही.

मार्चअखेर खोकी वर आणा. दोन-तीन डोळे राहतील असे तुकडे करा, काप एक दिवस सुकू द्या आणि कुंडीत लावून उबदार खिडकीत ठेवा. बाहेर काढायची घाई मात्र मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) आधी करू नका. तेव्हाही आधी आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत. मग डोळे वर करून तीन-चार इंच खोल.