अमेरिकेत आलेल्या पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधायचं, आणि तिथली रजिस्टरं कशी वाचायची

पणजोबा जर्मनीहून अमेरिकेत आले एवढंच माहिती असतं आणि माणूस लगेच जर्मन चर्चची रजिस्टरं उघडून बसतो, मग गाडी अडकतेच. एकाच नावाची पाचपाच गावं असतात, म्हणून आधी नेमकं गाव पाहिजे, आणि ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कागदात सापडतं.

पहिल्यांदा जनगणना बघा. १९०० ते १९३० च्या जनगणनांत देशात कुठल्या साली आले ते विचारलेलं असतं आणि बाजूला एनए, पीए किंवा एएल अशी अक्षरं असतात. एनए म्हणजे नागरिक झालेला, पीए म्हणजे नागरिकत्वासाठीचे पहिले पेपर भरलेत, एएल म्हणजे अजून परदेशीच. (१८९० ची जवळजवळ सगळी गेलीये, १९२१ च्या आगीनंतर, तिच्यामागे लागू नका.) एनए दिसलं की नागरिकत्वाची फाइल शोधायची. सप्टेंबर १९०६ नंतरच्या फॉर्मवर जन्मगाव आणि जहाजाचं नाव असतं, त्याआधी प्रत्येक कोर्ट आपापल्या पद्धतीने लिहायचं, कधी कधी नुसतं 'प्रशिया', म्हणजे तेव्हाचं अख्खं जर्मन राज्य, लिहून मोकळं. मग जहाजाची यादी, १९०७ पासून त्यात मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता पण मिळतो. आणि एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या तपासणी ठाण्यावर, आडनाव बदललं ही घरोघरची गोष्ट सोडून द्या, याद्या जहाज निघायच्या बंदरातच तयार व्हायच्या.

गाव मिळालं की खरी मजा. फोटो काढून थेट ट्रान्सलेट ॲपमध्ये टाकू नका, जुन्या हस्ताक्षरावर ते काहीही ठोकून देतं. आधी अक्षरं ओळखून जसंच्या तसं उतरवा, मग अर्थ. जर्मन कुरेंट लिपीत, म्हणजे त्यांच्या जुन्या हातलिखाणात, इंग्रजी 'ई' हे अक्षर आपल्याला माहीत असलेल्या 'एन'सारखं दिसतं, आणि 'यू'वर छोटी कमान असते, ती नसेल तर तो 'एन'. त्याच पानावरचे महिने, नेहमीची नावं आधी वाचा, त्यावरून त्या पाद्र्याचा हात कळतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटच्या विकीवर बऱ्याच भाषांच्या शब्दयाद्या फुकट आहेत, लॅटिनची तर उघडून ठेवाच, चर्चच्या बऱ्याच जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात.

लॅटिनमध्ये आपल्याला एक फायदा आहे. 'फिलियुस जोसेफी' लिहिलं असेल तर बापाचं नाव जोसेफी नाही, ती सरळ षष्ठी विभक्ती आहे, जोसेफचा मुलगा. तसंच '७बर' दिसलं की मी पहिल्यांदा जुलै धरून बसलो होतो, आणि अख्खं लग्न दोन महिने आधी सरकवलं! तो सप्टेंबर, आपलं सप्त. ८बर अष्ट म्हणजे ऑक्टोबर, ९बर नव म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा आकडा असेल तर डिसेंबर.

रशियाच्या ताब्यातल्या पोलंडची रजिस्टरं १८६८ पासून रशियन भाषेत आहेत आणि त्यात एकाच घटनेच्या दोन तारखा दिसतात, तेव्हा चूक समजू नका. आधीची ज्युलियन, म्हणजे रशियातल्या जुन्या कॅलेंडरची, नंतरची आपली नेहमीची, एकोणिसाव्या शतकात फरक १२ दिवसांचा, विसाव्यात १३. वंशावळीत दुसरी लिहा, आणि जे अक्षर लागलंच नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा, पुढच्या पोराच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत तेच आडनाव कदाचित नीट लिहिलेलं असेल.