राइड-ऑन मोअर: पाती नंतर फिरवा, आधी उतार मोजा

राइड-ऑन मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, शिकवणारे बहुतेक जण चावी कुठे, ब्रेक कुठे, पाती कशी सुरू करायची एवढं सांगून मोकळे होतात. तेवढं कुणालाही दहा मिनिटांत जमतं. खरी गोम आहे ती बसण्याआधी काय बघायचं आणि उतारावर काय करायचं नाही यात. पायांत बंद बूट, डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ आणि मॅन्युअल एकदा तरी उघडलेलं, हे मी धरून चालतो.

जमीन पायी फिरा

मोअर बाहेर काढण्याआधी सगळी लॉन पायाखालून घाला. दगड, तारेचे तुकडे, फांद्या, खेळणी, पाण्याचा पाइप, सगळं उचला. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, असं अमेरिकन मानक सांगतं. म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर. त्या वेगानं सुटलेला सुपारीएवढा खडा किती लांब जाईल याचा अंदाज बांधत बसू नका, तो उचला. गवत बाहेर पडतं त्या तोंडावरची झडप मोडली असेल तर नवी बसवेपर्यंत मोअर सुरूच करू नका. वर आलेली मुळं, खड्डे आणि तुषार सिंचनाचे नळ यांच्याजवळ काठी रोवून ठेवा. उंच गवतात खड्डा दिसत नाही.

मशीन

टायरमधली हवा पहिली बघा. एका बाजूला कमी असली की डेक, म्हणजे पात्यांवरचं खालचं कवच, तिरका होतो, कापणी पायऱ्या-पायऱ्यांची येते आणि मग लोक तासभर डेकचे नट पिळत बसतात. हवा सारखी झाल्यावरच डेक मोजा. पात्यांची टोकं डावी-उजवीकडे जमिनीपासून सारख्या उंचीवर हवीत, ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली. तेल सपाट जागी, थंड इंजिनात. पेट्रोलही थंड इंजिनात, उघड्यावर, आणि टाकी काठोकाठ न भरता. ‘जरा गार झालंय की’ म्हणत गरम इंजिनावर पेट्रोल ओतणाऱ्याशी मी वाद घालत नाही, डबा काढून घेतो.

डेकखाली हात घालायचा असेल तर आधी चावी काढा, मग स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोअरखाली शिरू नका.

आता सीटखालच्या स्विचबद्दल, म्हणजे चालक सीटवरून उठला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचबद्दल. ‘खडबडीत जमिनीवर इंजिन सारखं बंद पडतं, तो स्विच वायर टाकून कायमचा जोडून घ्या,’ असा सल्ला अधूनमधून कानावर येतो. असा सल्ला देणाऱ्याकडून पुढे काहीही शिकू नका. इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा स्विचचा कनेक्टर सैल झाल्यामुळे किंवा सीटची स्प्रिंग दमल्यामुळे, आणि दोन्ही दुरुस्त होतात. मी दर वेळी हे तपासतो: सपाट जागा, पार्किंग ब्रेक लावलेला, पाती चालू, पाय फूटरेस्टवरच ठेवून सीटवरून अंग थोडं उचलायचं. इंजिन तिथल्या तिथे गप्प व्हायला हवं आणि पाती ५ सेकंदांत थांबायला हवीत. नाही थांबली तर त्या दिवशी गवत वाढू द्या.

मुलं घरात. मांडीवर तर नाहीच, पण पाती बंद करून मारलेली ‘एकच चक्कर’सुद्धा नाही. एकदा बसवलेलं मूल पुढच्या वेळी आवाज ऐकून स्वारीसाठी धावत येतं, तेही मागून, तुम्ही रिव्हर्स घेत असताना. म्हणून रिव्हर्सला आधी मागे आणि खाली बघायचं, आणि थांबेपर्यंत बघत राहायचं. पाती चालू ठेवून रिव्हर्स घ्यायची गरज फार कमी वेळा पडते.

उतार

या टप्प्यानं मला बराच काळ छळलं, कारण जो तो वेगळं सांगायचा. कुणी म्हणे आडवं चालवा, कुणी म्हणे उभं. गोंधळाचं कारण सरळ आहे. ढकलायच्या मोअरला उतारावर आडवं चालवतात, कारण पाय घसरला तर माणूस पात्याखाली जाऊ नये. बसून चालवायच्या ट्रॅक्टर-छापाच्या मोअरला मात्र उतारावर उभं, वर-खाली चालवायचं, कारण आडवं नेलं की तो कुशीवर उलटतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घात. झीरो-टर्नचं, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या मोअरचं, प्रकरण आणखी निराळं. त्याचं स्टीअरिंग मागच्या चालत्या चाकांतूनच होतं आणि पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी असतात. मागच्या चाकांची पकड सुटली की वेग आणि दिशा दोन्ही एकदम हातातून जातात. तिथे तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल म्हणेल तेच खरं.

चालवण्याआधी उतार मोजा. डोळा इथे हमखास फसवतो. एक मीटरची सरळ फळी घ्या, तिचं वरचं टोक उतारावर टेकवा, पाणसळ ठेवून फळी आडवी समतल करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. २७ सेंटिमीटर भरलं की १५ अंश झाले, आणि बहुतेक मॅन्युअल तिथेच रेघ ओढतात. काही त्याच्याही अलीकडे. मोजमाप सगळ्यात खड्या जागेचं धरायचं, सरासरीचं नाही. फळी नसेल तर आणखी एक परीक्षा आहे: पाती बंद ठेवून तो उतार रिव्हर्समध्ये चढून बघा. मोअर मागे चढत नसेल किंवा बसल्या बसल्या तुम्हालाच धाकधूक वाटत असेल, तर ते गवत बसून कापायचं नाही. हातातलं ट्रिमर घ्या आणि विषय संपवा.

उतारावर शिरण्याआधीच गती कमी करा, मध्ये गिअर बदलायची वेळ येता कामा नये. चढताना मध्येच थांबून झटक्यात पुन्हा निघू नका, पुढची चाकं उचलली जातात. मागे गवताची पिशवी लावली असेल तर हे फार सहज होतं. पिशवी भरत जाते तसं वजन मागे सरकतं, आणि पहिल्या फेरीला निमूट चढलेला मोअर चौथ्या फेरीला नाक वर करतो. उतारावर मी पिशवी लावत नाही. लावायचीच असेल तर अर्धी भरताच रिकामी करा.

उतरताना न्यूट्रल कधीच नाही. ट्रान्समिशनच मोअरला धरून ठेवत असतं, ते सोडलंत की उरलेला सगळा भार ब्रेकवर येतो. वळण उतारावर घेऊ नका, आणि घ्यावंच लागलं तर अगदी सावकाश, नाक उताराकडे झुकवत. चाकं घसरायला लागली तर पाती बंद करा आणि हळूहळू सरळ खाली या. घाबरून आडवं वळवलंत तर उलटाल. मोअर कलंडतोय असं वाटलं म्हणून पाय जमिनीवर टेकवून सावरायला जाऊ नका, ते वजन पायानं सावरणारं नसतं. ओल्या गवतावर सगळ्यात मवाळ उतारही नको. खड्ड्याची कड, भिंतीची कड, पाण्याची कड, यांपासून मोअरच्या रुंदीच्या दुप्पट अंतर सोडा. कडेची माती चाकाखाली खचते आणि आधी सांगत नाही.

उलटल्यावर चालकाला वाचवणारी दांडी असेल तर ती उभी असताना पट्टा बांधा. दांडी दुमडलेली असताना मात्र पट्टा बांधायचा नाही, नाहीतर मोअरबरोबर तुम्हीही त्याच्याखाली.

कापणी

हा सगळ्यात सोपा भाग. गवत कोरडं हवं, थ्रॉटल पूर्ण, चाल सावकाश. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. गवत उजवीकडून बाहेर पडत असेल तर पहिल्या दोन फेऱ्या घड्याळाच्या दिशेनं, म्हणजे फेक आतल्या बाजूला जाते आणि कडेची फुलझाडं, काचा, माणसं वाचतात. मग दिशा उलटी करा. कुणी जवळ आलं तर हातवारे करत बसू नका, पाती बंद करा.

नंतर

उठण्याआधी पाती बंद, ब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात. इंजिन गार होऊ द्या आणि सायलेन्सरभोवतीचं वाळलेलं गवत झाडून काढा, ते पेट घेतं. गरम मोअर बंद खोलीत लोटू नका, आणि गार झाल्यावरही जिथे ज्योत किंवा ठिणगी असेल तिथे ठेवू नका. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबानं चाकं फिरवणारा, मोअर ढकलून न्यायचा असेल तर मागची फ्री-व्हील दांडी ओढावी लागते. ती ओढलेली असताना ट्रान्समिशन चाकांना धरत नाही, म्हणून हे काम सपाट जागीच करा आणि मोअर जागेवर लागताच दांडी परत आत ढकला.