कडाक्याच्या थंडीत आणि जोराच्या वाऱ्यात विंडसर्फ फॉइलिंग कसे करावे

विंडसर्फ फॉइलिंग म्हणजे शीड लावलेला बोर्ड फॉइलवर, म्हणजे बोर्डाखाली खांबाला जोडलेल्या, पाण्यात बुडालेल्या पंखांवर चालवणे. फॉइलमुळे बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो, लहान शिडावरही भरपूर वेग मिळतो आणि लाटांचे हादरे फारसे बसत नाहीत, म्हणून हिवाळ्यातील जोराच्या वाऱ्यात हा खेळ विशेष आनंद देतो. मात्र पडण्याची उंची वाढलेली असते, पाण्याखाली धारदार कडांचे पंख असतात आणि गारठलेली बोटे फार लवकर दगा देतात. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना एकच प्रश्न विचारावा : बोटांत ताकद आहे तोवर, कोणाच्याही मदतीवाचून आपण किनाऱ्याला लागू का? ज्यांना मध्यम वाऱ्यात फॉइलवर स्थिर राहता येते आणि खोल पाण्यातून शीड उचलून सुरुवात करता येते, त्यांच्यासाठीच पुढील मार्गदर्शन आहे. नवशिक्यांनी पाणी कोमट होण्याची वाट पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वारा आणि जागा पारखणे

हवामानाचा अंदाज पाहताना वाऱ्याच्या सरासरी वेगापेक्षा झोतांचा वेग अधिक लक्षपूर्वक पाहावा. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 20 नॉटचा वारा (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) 25 नॉट झाला की हा जोर दीडपटीहून अधिक होतो. त्यातच थंड हवा अधिक घन असते : 5 अंश सेल्सिअसची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के जड भरते, म्हणून उन्हाळ्यात ज्या आकड्यावर जे शीड सहज पेलले होते, तेच हिवाळ्यात त्याच आकड्यावर हातांना ओढू लागते.

वारा किनाऱ्याला समांतर किंवा तिरका किनाऱ्याकडे येणारा असावा. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा असेल, तर काठाजवळचे पाणी सपाट दिसते आणि मोह होतो, पण उपकरण मोडल्यास तोच वारा माणसाला दूर नेतो. अशा दिवशी पाण्यात उतरू नये. फॉइलचा खांब बहुधा 85 ते 95 सेंटिमीटर लांब असतो, म्हणून ओहोटीची वेळ आणि उथळ जागाही आधी पाहून ठेवाव्यात. हिवाळ्यात दिवस लहान असतो, तेव्हा सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पाण्याबाहेर येण्याचे ठरवावे आणि ती वेळ किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगून जावे.

अंगावर काय घालावे

पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने वाहून नेते. पाण्याचे तापमान 10 अंशांच्या आसपास असेल, तर धडाला 5 आणि हातापायांना 4 मिलिमीटर जाडीचा वेटसूट (निओप्रीन या रबरासारख्या कापडाचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख), डोक्याला टोपडे आणि पायांत निओप्रीनचे बूट लागतात. त्याहून थंड पाण्यात 6 मिलिमीटरचा वेटसूट किंवा आत उबदार कपडे घालून ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख, वापरावा. अंग ओले असताना वाराही उष्णता ओढून घेतो. हवा 5 अंशांची आणि वारा ताशी 40 किलोमीटरचा असेल, तर उघड्या त्वचेला उणे 1 अंशासारखा गारठा जाणवतो. हेल्मेट आणि आघात शोषणारे जाकीट यांना पर्याय नाही.

खरी अडचण हातमोज्यांची असते. जाड मोजा घातला की बूमची, म्हणजे शीड धरण्याच्या आडव्या दांड्याची, जाडी वाढल्यासारखी होते, मूठ आवळण्यासाठी मनगट ते कोपर सारखा ताण द्यावा लागतो आणि थोड्याच वेळात हाताचे स्नायू दगडासारखे कडक होतात. म्हणून बोटे आधीच वळवून शिवलेले किंवा तळव्याकडून उघडे असलेले मोजे आणि बारीक नळीचा बूम निवडावा. हात आखडू लागल्यास मोज्याची जाडी वाढवण्याआधी शीड लहान करून पाहावे, कारण पुष्कळदा दोष पकडीवर येणाऱ्या ओढीचा असतो.

शीड आणि फॉइल

सुमारे 75 किलो वजनाच्या व्यक्तीला 25 नॉटच्या वाऱ्यात साधारण 3.5 ते 4.5 चौरस मीटरचे शीड पुरते. पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये पुरुषांनी 9 आणि महिलांनी 8 चौरस मीटरची शिडे वापरली खरी, पण तेथे खेळाडूंची अनेक वर्षांची तयारी आणि सोबत बचाव नौका असतात. पुढचा पंखही लहान, म्हणजे 600 ते 800 चौरस सेंटिमीटरचा घ्यावा. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे मोठा पंख जोराच्या वाऱ्यात बोर्डाचे नाक अनावर वर फेकतो.

शिडाची खालची दोरी नेहमीपेक्षा अधिक ताणावी, म्हणजे शिडाची मागची कड सैल पडून झोत निसटून जातो. डोलकाठीचा पाया दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकवावा. फॉइलचे सर्व स्क्रू मोजे घालण्यापूर्वी, बोटे ऊबदार असतानाच घट्ट करावेत.

पाण्यात उतरणे आणि चालवणे

पंधरा अंशांखालील पाण्यात अचानक पडल्यास श्वास आपोआप आत ओढला जातो आणि सुमारे मिनिटभर धाप आवरत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर जीव धोक्यात येतो. म्हणून कंबरभर पाण्यात उभे राहून चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारावे, श्वास संथ होईपर्यंत थांबावे आणि मगच पुढे जावे.

बोर्ड उचलला गेला की हार्नेस (शिडाची ओढ हातांऐवजी कंबरेवर घेणारा आकडा असलेला पट्टा) लगेच बूमच्या दोरीत अडकवावा, पुढचा गुडघा किंचित वाकवावा आणि वजन पुढच्या पायावर ठेवावे. खांबाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पाण्यात राहील, अशी उंची मला सर्वांत भरवशाची वाटते. त्याहून वर गेल्यास पंखाचे टोक लाटेच्या पोकळीत उघडे पडते, त्यावर हवा शिरते, उचल एकाएकी नाहीशी होते आणि बोर्ड आदळतो. झोत आला की शीड थोडे उघडावे आणि बोर्ड हलकेच वारा जिकडून येतो त्या बाजूला वळवून वेग कमी करावा. वाऱ्यापासून दूर वळल्यास वेग आणखी वाढतो. पुढे फेकले जात असल्यास बूम घट्ट धरून ठेवावा, म्हणजे शरीर शिडाजवळ राहते आणि फॉइलवर पडत नाही.

कधी परतावे

दर दहा-पंधरा मिनिटांनी अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहावा. तो टेकत नसेल, तर त्याच क्षणी किनाऱ्याकडे निघावे, कारण यापुढे हार्नेसचा बकलही उघडता येणार नाही. अंगात हुडहुडी भरून थांबत नसेल, तरीही हेच करावे. उपकरण मोडल्यास पोहत निघू नये. बोर्ड तरंगतो आणि दुरून दिसतो, म्हणून त्यावर शक्य तितके पाण्याबाहेर चढून बसावे आणि दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली हलवावेत. हा संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. शिट्टी आणि जलरोधक पिशवीतील फोन अंगावरच असावेत.

बाहेर आल्यावर

पाण्याबाहेर आल्यावरही शरीराचे आतले तापमान काही काळ घसरत राहते. वाऱ्याच्या आडोशाला वेटसूट उतरवावा, डोके आणि धड आधी कोरडे करून झाकावे आणि गरम, गोड पेय घोटघोट घ्यावे. मद्य टाळावे, कारण त्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून उष्णता निघून जाते. बोलणे अडखळत असेल किंवा चाल डगमगत असेल, तर त्या व्यक्तीला आडवे ठेवून तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. हात पुरते शेकल्यानंतर फॉइल गोड्या पाण्याने धुऊन स्क्रू सैल करून ठेवावेत, नाहीतर खाऱ्या पाण्यामुळे कार्बन आणि ॲल्युमिनियमचे जोड पक्के जखडतात.